हलक्या किंवा चोपण रानात ऊस लावायचाय? जिवाणूंची तयारी मे महिन्यापासून

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावण करायची असेल आणि रान मुरमाड, तांबडं किंवा चोपण (खारवट, निचरा नसलेलं) असेल, तर उसाला नत्र-स्फुरद मिळवून देणाऱ्या जिवाणूंची पाकिटं आणणं हे यादीतलं शेवटाकडचं काम. पहिलं काम माती तपासण्याचं, तेही मे महिन्यातच. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची फूटभर खोलीपर्यंतची माती घ्या. बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. सगळी एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या कार्यालयात, द्या. अहवाल कानडीत आला तर वाचणारा माणूस शेजारी बसवा आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आधी उतरवून घ्या. कानडी अहवालातलं सारजनक म्हणजे नत्र आणि रंजक म्हणजे स्फुरद.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात सगळीकडे एकच उपाय चालत नाही. खानापूरकडं पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, माती आम्ल होते आणि तिथलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं. अथणी-रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात तेच काम कॅल्शियम करतं. दोन्हीकडं पोत्यानं टाकलेलं सुपर फॉस्फेट बरंचसं मातीतच अडकून पडतं. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. पण त्यांनाही जगायला कर्ब लागतो. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जूनच्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. चोपण रानात धैंचाच घ्या, त्याला खार सोसतो. दीड महिन्यानं, फुलोऱ्याच्या सुमाराला, गाडून टाका आणि लावणीपर्यंत कुजू द्या. सामू ८.५ च्या वर असेल तर अहवालाप्रमाणे जिप्सम घाला आणि त्याआधी निचऱ्याचे चर काढा, कारण सुटलेला क्षार वाहून जायला वाट हवी. जिवाणूंचा उपयोग झाला नाही असं सांगणारे बरेच जण माझ्या मते इथंच कमी पडलेले असतात. पाणी तुंबणाऱ्या रानात मुळंच गुदमरतात, तिथं जिवाणू काय करणार?

बेणं नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलं ठरवून ठेवा. खोडव्यातलं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातलं, नको. खारवट रानासाठी फुले २६५ हा वाण सोसणारा आहे.

आता पाकिटं. एकरी चार किलो ॲसिटोबॅक्टर (हवेतला नत्र उसाला देणारा जिवाणू) आणि अर्धा किलो पीएसबी लागेल. महाराष्ट्रातली शिफारस हेक्टरी १० किलो आणि सव्वा किलोची आहे. दुकानात आधी मुदतीची तारीख बघा. माल पत्र्याच्या शेडात, उन्हात पडलेला दिसला तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घरी खताच्या पोत्यांशेजारी किंवा औषधांच्या कपाटात ठेवू नका.

लावणीच्या दिवशी दोन बॅरल लागतात, एकात भागवू नका. पहिल्यात १०० लिटर पाणी, १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि ३०० मिली मॅलॅथिऑन. त्यात कांड्या दहा मिनिटं बुडवायच्या, हातमोजे घालूनच. मग सावलीत सुकवायच्या. यात घाई करू नका: ओल्या कांडीवरचं बुरशीनाशक दुसऱ्या बॅरलमध्ये गेलं की जिवाणूंनाच घातक ठरतं. दुसऱ्यात दोन्ही पाकिटं कालवलेलं जिवाणूंचं पाणी, त्यात कांड्या अर्धा तास. बॅरल झाडाखाली ठेवा, भर दुपारी हे काम काढू नका आणि बाहेर काढलेल्या कांड्या लगेच ओल्या सरीत लावून टाका. म्हणून लावणीची माणसं आणि पाण्याची पाळी आधीच पक्की हवी. आपल्याकडं रात्रीच्या विजेवर पाणी असतं, तेव्हा वेळापत्रक बघूनच दिवस धरा. उरलेलं जिवाणूंचं पाणी शेणखतात मिसळून सरीत टाकता येतं.

ॲसिटोबॅक्टर उसासाठीच का, हे कळलं की नत्राचा हिशोब सोपा जातो. १९८८ साली ब्राझीलमध्ये जोहाना डोबेराइनर यांच्या चमूनं हा जिवाणू उसाच्या मुळांत आणि खोडात राहताना दाखवून दिला. उसातली साखर आणि आम्लता त्याला मानवते आणि तो हवेतला नत्र आतल्या आत पिकाला देतो. युरियाचा मारा केला तर उसात त्याची संख्या घटते. या प्रक्रियेबरोबर नत्र निम्मा आणि स्फुरद पाव हिश्शानं कमी करण्याची शिफारस आहे. तांबड्या माळावर पहिल्याच वर्षी सगळं रान निम्म्या नत्रावर न्यायचं धाडस होत नसेल, तर निम्म्या क्षेत्रावर करा, पण कांड्या मात्र सगळ्या बुडवा. शिवाय चार सऱ्या मुद्दाम प्रक्रिया न करता लावा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, फुटवे मोजा आणि तोडणीला टोळी येईल तेव्हा त्या सऱ्यांची मोळी वेगळी बांधून वजन करायचं मुकादमाला आधीच सांगून ठेवा.