लॅपटॉपवर अक्षरं पसरट, पुसट दिसत होती, अशी सुधारली

सांगली मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातला लॅपटॉप. हळदीच्या पट्टीवरचा (विक्रीच्या हिशोबाच्या कागदावरचा) अनुस्वार स्क्रीनवर दिसेना, 'सांगली'चं 'सागली' वाचलं जायचं. छापील पट्टी मात्र स्वच्छ, म्हणजे फॉन्ट ठीक होता.

पॅनल, म्हणजे स्क्रीन, 1366 × 768 ठिपक्यांचं, रिझोल्यूशनचं (किती ठिपक्यांत चित्र दाखवायचं त्याचं) सेटिंग 1024 × 768. प्रोजेक्टर जोडून डुप्लिकेट (दोन्हीकडे एकच चित्र) केलं की बऱ्याचदा असं होतं. 1024 ठिपके 1366 वर ताणले की एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे सव्वा ते दीड जागा येते. कडा पुसट होतात आणि पहिला बळी अनुस्वार, रफार यांचा जातो.

आधी विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' केलं. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, रिझोल्यूशनमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा, शेवटी 'कीप चेंजेस'. हे 15 सेकंदांत दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं.

अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नका, कृपा करून. त्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल (अक्षरांचा आकार) 125% ठेवा, साइन आउट करून परत या. तरी धूसर वाटल्यास सर्चमध्ये क्लिअरटाइप (अक्षरं स्पष्ट करणारी विंडोजची सोय) शोधून ते लावा.

योग्य आकडा यादीतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजर बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसला, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो.