आरपीएम मीटर जोडायचाय? वायर कापण्याआधीची तयारी

खोक्यावरची चार वायरींची आकृती बघितली की वेगळा घेतलेला आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा) मोटरसायकलला बसवणं एका दुपारचं काम वाटतं. ते एका दुपारचं आहेही, पण दोन गोष्टी आधी पक्क्या माहीत असतील तरच. आपल्या इंजिनाची ठिणगी कोणत्या पद्धतीने तयार होते, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेऱ्यात ती किती वेळा पडते? मीटर काट्याचा असो की आकड्यांचा, तो मोजतो ते या ठिणगीचे विजेचे ठोके. ठोका कुठून घ्यायचा हे न कळता वायर कापली, तर मीटर चुकीचं दाखवेल एवढ्यावरच भागत नाही. गाडी मिसफायर करू शकते, मीटर जळू शकतो. म्हणून तयारीची सुरुवात कागदांपासून करा.

पहिला कागद म्हणजे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंग डायग्राम, आपल्याच मॉडेलचा आणि आपल्याच वर्षाचा. त्याची मोठी प्रिंट काढा आणि रंगीत पेन्सिलीने तीन वाटा गिरवा: चावीच्या स्विचमधून निघणारी प्लस, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर), आणि इग्निशन कॉइलला जाणाऱ्या बारीक वायरी. लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे अर्थ हे गणित गाडीत धरून चालू नका. होंडाच्या बहुतेक गाड्यांत अर्थ हिरवी असते आणि काळी वायर ही चावी फिरवल्यावर जिवंत होणारी प्लस असते. यामाहाच्या बहुतेक गाड्यांत काळी खरोखरच अर्थ असते, आणि चावीनंतरची प्लस तपकिरी. एकाची सवय दुसऱ्या गाडीवर वापरली की फ्यूज गेलाच म्हणून समजा.

दुसरा कागद मीटरसोबत आलेलं पत्रक. शक्य असेल तर मीटर विकत घेण्याआधीच ते वाचा. त्यात चार गोष्टी शोधा: मीटर किती व्होल्टवर चालतो, सिग्नल कुठून घ्यायला सांगतो, एका फेऱ्यात किती ठोके हे सेटिंग कुठवर बदलता येतं, आणि वायरींचे रंग. हे सेटिंग बदलताच येत नाही असे मीटर मिळतात. ते आपल्या इंजिनाशी जुळले तर उत्तम, नाही जुळले तर कितीही कौशल्याने वायरिंग केलं तरी आकडा खोटाच राहणार.

आता ठिणगीकडे वळू. इथे घाई करू नका, कारण सगळा खेळ इथेच आहे. टाकी उचलून किंवा बाजूचं कव्हर काढून इग्निशन कॉइल शोधा. प्लगकडे जाणारी जाड वायर सोडा. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला बारीक वायरींचे एक किंवा दोन टॅब दिसतील. किल स्विच चालू ठेवा, चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा आणि लाल प्रोब एकेका टॅबला. बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसलं, तर कॉइलला बॅटरीतून थेट पुरवठा आहे. म्हणजे पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) असलेली जुनी किंवा ट्रान्झिस्टरवाली पद्धत. अशा गाडीत आपल्याला हवी असते ती कॉइलपासून पॉइंटकडे, इग्नायटरकडे (तेच काम करणारी इलेक्ट्रॉनिक डबी) किंवा ईसीयूकडे (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जाणारी वायर, म्हणजे जिला आपण कॉइलची निगेटिव्ह बाजू म्हणतो ती. इंजिन बंद असताना दोन्ही टॅबवर सारखेच व्होल्ट दिसू शकतात, तेव्हा कोणता टॅब कोणता हे डायग्रामवरूनच ठरवा.

काहीच व्होल्ट दिसले नाहीत, एक टॅब बॉडीला जोडलेला निघाला आणि दुसरा एका डबीकडे जाताना दिसला, तर गाडी बहुधा सीडीआयची, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनची आहे. (आधी फ्यूज आणि किल स्विच पुन्हा बघा. इंजेक्शनच्या काही गाड्यांत चावी फिरवल्यावर काही सेकंदांनी रिले कॉइलचा पुरवठा तोडतो, त्यामुळे शून्य दिसलं म्हणजे सीडीआयच असं नाही.) सीडीआयमध्ये कपॅसिटरमधला चार्ज एकदम कॉइलमध्ये सोडला जातो आणि त्या बारीक वायरवर काहीशे व्होल्टचा झटका येतो. ट्रान्झिस्टरवाल्या कॉइलवरही ठिणगीच्या क्षणी तसाच उलटा झटका येतो. म्हणून दोन सूचना जाड अक्षरात लिहून ठेवा. इंजिन चालू असताना साध्या मल्टिमीटरने या टॅबवर मोजायला जायचं नाही. आणि ज्या मीटरच्या पत्रकात कॉइलला किंवा सीडीआयला थेट जोडायला सांगितलेलं नाही, त्याची सिग्नल वायर इथे लावायची नाही.

पिकअप कॉइलची (क्रँक कुठवर फिरला ते इग्निशनला कळवणाऱ्या सेन्सरची) वायर अनेकांना सोपी वाटते, कारण ती बारीक असते आणि हाताला सहज येते. तिला शक्यतो हात लावू नका. तिच्यातला सिग्नल अशक्त असतो आणि इग्निशनचं टायमिंग त्याच्यावरच चालतं. मीटरचा भार तिच्यावर पडला की ठिणगी चुकायला लागते. पत्रकात स्पष्ट परवानगी असेल तरच तिथे जोडा.

माझी पसंती पहिल्यांदा जोडणाऱ्याला तरी प्लगच्या जाड वायरीवर वेटोळे घालायच्या पद्धतीला आहे, अर्थात मीटर त्या पद्धतीचा असेल तर. गाडीची एकही वायर सोलावी लागत नाही. मीटरची इन्सुलेशन असलेली सिग्नल वायर प्लगच्या वायरीभोवती घट्ट गुंडाळायची, साधारण तीन ते सहा वेढे. पत्रकात आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. टोक कुठेही जोडायचं नाही, फक्त टेपने बंद करायचं. आकडा थरथरला किंवा मधेच शून्यावर आला तर एक वेढा वाढवून बघायचा. अचानक दुप्पट दाखवू लागला तर एक कमी करायचा. यासाठी लागणारी तयारी म्हणजे प्लगच्या वायरीची तपासणी: तडे, भाजल्याच्या खुणा, अंधारात इंजिन चालू असताना बाहेर उडणाऱ्या निळ्या ठिणग्या. अशी वायर आधी बदला. प्लग आणि कॅपही रेझिस्टरवाले आहेत ना ते बघा. एनजीकेच्या प्लगच्या नंबरमधला आर म्हणजे रेझिस्टर, जसं बीपीआर६ईएसमध्ये. रेझिस्टर नसलेल्या प्लगमुळे इतका विद्युत गोंगाट होतो की डिजिटल मीटर वेडेवाकडे आकडे दाखवतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत काही वेळा ईसीयूमधून मीटरसाठी वेगळी वायर निघते आणि डायग्राममध्ये ती टॅको म्हणून लिहिलेली असते. ती असेल तर सगळ्यात स्वच्छ ठोका तिथेच मिळतो, पण तो कमी व्होल्टचा असतो, त्यामुळे मीटरमध्ये तसं सेटिंग हवं. नव्या काही गाड्यांत इंजिनाचे फेरे कॅन बसवरून (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या सामाईक डेटा-वायरींवरून) डेटा म्हणून जातात. तिथे शोधायला अशी स्वतंत्र वायरच नसते.

दुसरा प्रश्न ठोक्यांचा. फोरस्ट्रोक इंजिनाला खरं तर दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, पण बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत पिकअप क्रँकवर असतो आणि तो प्रत्येक फेऱ्यात ठिणगी पाडतो. एक ठिणगी कामाची, दुसरी एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये वाया जाणारी. म्हणून अशा गाडीला सेटिंग फेऱ्यामागे एक ठोका. टूस्ट्रोक सिंगललाही एकच. चार सिलिंडरच्या ज्या गाडीत दोन कॉइल दोन-दोन प्लग सांभाळतात, तिथेही एका कॉइलवर फेऱ्यामागे एकच ठोका येतो. सिलिंडर चार म्हणून सेटिंग चारवर ठेवण्याचा मोह टाळा. जी गाडी वाया जाणारी ठिणगी टाळते आणि नेमकी कामाच्या वेळीच ठिणगी पाडते, तिला फेऱ्यामागे अर्धा ठोका. चारचाकीसाठी बनवलेल्या मीटरवर ४, ६, ८ सिलिंडर असं लिहिलेलं असतं. ४ म्हणजे फेऱ्यामागे दोन ठोके. तो मीटर सिंगलला लावला तर १४०० फेऱ्यांची आयडलिंग (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) ७०० दिसेल. हे सगळं शोधून आपल्या गाडीचं उत्तर कागदावर लिहा, आणि मॅन्युअलमधला आयडलिंगचा आकडाही त्याच्या शेजारी. पडताळणीला तोच लागणार आहे.

पुरवठ्याची बाजू सोपी आहे, दोन सापळे सोडून. मीटर चालतो डीसीवर. अनेक जुन्या आणि हलक्या गाड्यांत हेडलाइट मात्र मॅग्नेटोच्या एसीवर थेट चालतो, आणि रेस बदलली की त्याचं व्होल्टेजही बदलतं. मीटरच्या दिव्याची वायर तिथे जोडली तर दिवा मिचमिचेल, एलईडी असेल तर जळूही शकेल. चावीनंतरची डीसी प्लस शोधायची असेल तर हॉर्न, ब्रेकचा दिवा किंवा इंडिकेटरची वाट बघा. इंजिन बंद आणि चावी चालू असताना मल्टिमीटरवर साधारण १२.५ व्होल्ट, चावी बंद केल्यावर शून्य, हेच हवं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५च्या आसपास दिसायला हवेत. १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत नवा मीटर खोक्यातच राहू द्या. दुसरा सापळा जुन्या ब्रिटिश गाड्यांचा. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या जुन्या मॉडेलांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं. मीटरची धातूची बॉडी निगेटिव्ह असली आणि ती हँडलला टेकली, की सरळ शॉर्ट. सहा व्होल्टची गाडी असेल तर बारा व्होल्टचा मीटर आणूच नका.

सामान असं जमवा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची लवचीक, अनेक तारांची वायर, निदान तीन रंगांत. फ्यूज होल्डर आणि एक-दोन अँपियरचे फ्यूज. फ्यूज मीटरजवळ नाही, प्लस जिथून घेता त्या टोकाजवळ बसवायचा, म्हणजे वाटेत कुठेही वायर घासून बॉडीला लागली तरी तो उडेल. अर्थसाठी गोल छिद्राचे लग, जोडांसाठी पाणी न शिरणारे कपलर, श्रिंक स्लीव्ह, विणलेली किंवा साधी काळी स्लीव्ह, केबल टाय. क्रिंप करायची खरी पक्कड आणा. साध्या पक्कडीने चेपलेला लग आज ओढून बघितला तर टिकतो आणि गाडीच्या थरथरीत नेमका रस्त्यात सुटतो. नुसत्या सोल्डरिंगवर भरवसा ठेवू नका, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि तिथूनच तुटते. मूळ वायरीला चावणारे निळे-लाल टॅप कनेक्टर मी वापरत नाही. ते वायरीचे काही धागे कापतात आणि पावसात आतून हिरवे पडतात. त्यापेक्षा गाडीच्या कपलरमध्येच मधे बसणारा छोटा जोड तयार करा. पुढे मीटर काढावासा वाटला तर हार्नेस जसाच्या तसा राहील.

बसवण्याची जागा वायरिंगच्या आधी ठरवायची असते. हँडलचा व्यास मोजा: बहुतेक साध्या हँडलचा क्लँपपाशी २२ मिलिमीटर, क्रूझरच्या जाड हँडलचा २५.४, आणि टॅपर हँडलचा मधल्या भागात २८.६. मीटर मास्किंग टेपने तात्पुरता चिकटवा आणि हँडल डाव्या लॉकपासून उजव्या लॉकपर्यंत फिरवा. क्लच केबल, ब्रेकचा होज, टाकी कशालाच तो टेकता कामा नये. वायरी हेडस्टॉकपाशी (हँडल चेसीला जिथे फिरतं तिथे) किती ताणल्या जातात ते याच वेळी बघा. दोन्ही लॉकवर थोडी सैल राहील एवढी लांबी धरून मगच कापा. सिग्नलची वायर प्लगच्या वायरीला समांतर नेऊ नका (वेटोळ्यांपुरता स्पर्श सोडून), आणि सायलेन्सर व इंजिनाच्या पंखांपासून सगळ्याच वायरी दूर ठेवा.

आता रंगीत तालीम. काहीही कायमचं जोडण्याआधी मीटरची प्लस आणि मायनस मगरचिमट्यांनी बॅटरीला लावा, प्लसमध्ये फ्यूज ठेवून. मीटर उजळतो का, काटा टोकाला जाऊन परत येतो का, बघा. मग सिग्नल जोडून, गाडी मोकळ्या हवेत आणि न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन सुरू करा. प्लगच्या वायरीला हात लावायचा नाही. इंजिन गरम झाल्यावर कागदावरच्या आयडलिंगशी आकडा ताडून बघा. नेमका दुप्पट किंवा नेमका निम्मा असेल तर वायरिंग ठीक आहे, सेटिंग बदला. वेडावाकडा नाचत असेल तर आधी अर्थ तपासा, मग वेढे, मग प्लग.

आणखी खात्री हवी असेल तर रस्त्यावरची पडताळणी करता येते. ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी मिनिटाला १००० मीटर जाते. मागच्या टायरवर खडूची खूण करून एका फेऱ्याचं अंतर मोजा, समजा १.९ मीटर आलं; म्हणजे चाक मिनिटाला साधारण ५२६ फेरे मारतं. मॅन्युअलमधून प्रायमरी, टॉप गिअर आणि चेनचं प्रमाण घेऊन तिघांचा गुणाकार करा. तो १० आला तर इंजिन ५२६० च्या आसपास असायला हवं. वेग जीपीएसवरून घ्या, कारण गाडीचा स्पीडोमीटर सहसा थोडा जास्तच दाखवतो. आकडे वाचायचं काम मागे बसलेल्याकडे द्या.

तालीम जमली की बॅटरीचं निगेटिव्ह काढा (प्लस अर्थच्या गाडीत आधी प्लस), सगळे जोड पक्के करा, अर्थचा लग रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर किंवा सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर घट्ट करा, आणि काढलेलं टोक सगळ्यात शेवटी लावा. कपलर पाणी साचणार नाही असे तोंड खाली करून बांधा. शिफ्ट लाइटची (गिअर बदला असं सांगणाऱ्या दिव्याची) सोय असेल तर ती मॅन्युअलमधल्या रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या, थोडी आधी लागेल अशी ठेवा. कोणती वायर कुठे जोडली, फ्यूज किती अँपियरचा आणि सेटिंग कोणतं ठेवलं, हे डायग्रामच्या त्याच प्रिंटवर लिहा आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा.