डोंगरावरच्या झाडांच्या नोंदी कशा ठेवाव्यात

उंची वाढते तशी हवा दर १०० मीटरमागे साधारण ०.६ अंश सेल्सिअसने थंड होते. म्हणजेच तापमान एका अंशाने वाढले, तर पूर्वीइतकाच गारवा मिळण्यासाठी वनस्पतींना दीडशे मीटरहून अधिक वर सरकावे लागते. हिमालयात वर जागा आहे. मेळघाटात मात्र वैराटचा माथा समुद्रसपाटीपासून १,१७८ मीटरवरच संपतो. म्हणून चिखलदऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांनी या नोंदी ठेवणे विशेष गरजेचे आहे.

एकाच डोंगराच्या एकाच दिशेच्या उतारावर दोन जागा निवडाव्यात, एक पायथ्याशी आणि दुसरी माथ्याजवळ. दक्षिणेकडचा उतार उत्तरेकडच्यापेक्षा अधिक तापतो, त्यामुळे दिशा वेगळी घेतली तर दिसणारा फरक उंचीचा की उन्हाचा, हे उलगडत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आधी वनविभागाची परवानगी घ्यावी. प्रत्येक जागी मोह, पळस आणि आवळ्याची पाच-पाच झाडे ठरवून त्यांवर क्रमांक घालावेत. गेरू पावसात धुऊन जातो, म्हणून ऑइलपेंट वापरावा, खिळे मात्र ठोकू नयेत. आठवड्यातून एका ठरावीक वारी जाऊन पानगळ, पहिली कळी, पहिले फूल आणि नवी पालवी यांच्या तारखा लिहाव्यात.

मोहाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. त्याची फुले रात्री उशिरा व पहाटे गळतात आणि वेचणारे उजाडताच टोपल्या भरून नेतात, त्यामुळे नऊ वाजता पोहोचणाऱ्याला फुले पडलीच नाहीत असे वाटण्याची शक्यता असते. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला असेल, तर तेही समासात लिहावे, कारण आगीचा परिणाम हवामानाच्या खात्यावर टाकणे चुकीचे ठरेल.

जुन्या वर्षांची माहिती वेचणाऱ्या बायाबापड्यांकडूनच मिळते. ‘तेव्हा फूल होळीच्या आधी पडायचे’ असे कोणी सांगितले, तर लगेच निष्कर्ष काढू नये. अधिक मासामुळे होळी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या शेवटापर्यंत कधीही येऊ शकते. कोणते वर्ष ते विचारून त्या वर्षीच्या होळीची तारीख जुन्या पंचांगातून काढावी आणि मगच वहीत लिहावी.

शेवटी, वाढलेल्या झाडांपेक्षा रोपांकडे अधिक पाहावे. शंभर वर्षांचा मोह जुन्या हवामानात रुजलेला असतो आणि हवा बदलली तरी जागीच उभा राहतो. त्याच्या खाली बियांपासून आलेली रोपे उन्हाळा काढतात की मेमध्ये वाळतात, याची मोजणी दरवर्षी जूनच्या पहिल्या पावसाआधी करावी.