व्हॉल्व्हच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सावरताना: आधी या वाटेने गेलेल्यांची सोबत कशी घ्यावी

हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण साधारणपणे आठवड्याभरात घरी येतो आणि खरी धाकधूक तिथून सुरू होते. रुग्णालयात परिचारिका हाकेच्या अंतरावर असते. घरी मात्र डिस्चार्जचा कागद असतो, औषधांची पिशवी असते आणि रात्री दोन वाजता पडणारे असे प्रश्न असतात, जे डॉक्टरांना फोन करण्याइतके मोठे वाटत नाहीत आणि झोप लागू देण्याइतके लहानही नसतात. माझ्या मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या जागी यांत्रिक झडप बसवली, त्यानंतर इंदूरच्या रामबागेतल्या घरी पहिल्याच रात्री कूलर बंद केल्यावर मला टिक् टिक् असा आवाज ऐकू येऊ लागला. पत्नीने कपाटातले जुने मनगटी घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले, तरी आवाज थांबेना. दुसऱ्या दिवशी लोकमान्यनगरातून एक काका आले. त्यांची शस्त्रक्रिया अकरा वर्षांपूर्वी झाली होती. पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘जरा वाका, माझ्याही छातीतला ऐका.’’ झडपेच्या पाकळ्या मिटताना तो आवाज होतो, तोंड उघडे असले की जास्त जाणवतो, कूस बदलली की कमीही होतो, हे त्यांनी सांगितले. आणि पुढे हेही सांगितले की, आवाज अचानक बसका झाला किंवा येईनासा झाला, तर मात्र सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सोबत्याचे काम त्या दोन वाक्यांत सामावलेले आहे: जे नेहमीचे आहे ते नेहमीचे म्हणून सांगणे, आणि जे नेहमीचे नाही त्यासाठी रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे पाठवणे. औषधाचा डोस ठरवणे हे त्याचे काम नाही.

असा सोबती शोधताना सर्जनच्या ओपीडीत, फिजिओथेरपिस्टकडे किंवा जिथे आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आकड्याची) तपासणी होते त्या लॅबमध्ये विचारावे. दर महिन्याला तीच माणसे तिथे भेटतात. शक्यतो आपल्यासारखीच झडप असलेली व्यक्ती निवडावी. यांत्रिक झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेच्या बाबतीत ती बहुधा तीन ते सहा महिनेच लागते, मात्र ती झडप काही वर्षांनी झिजते. यांत्रिक झडपांतही फरक आहेत: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेल्या आणि १९९० च्या डिसेंबरात प्रथम बसवलेल्या झडपेत एकच चकती असते, इतर पुष्कळशा झडपांत दोन पाकळ्या असतात. त्यामुळे एकाच्या आवाजावरून दुसऱ्याने घाबरू नये. तरुण स्त्रीला शक्यतो स्त्री सोबतीच मिळवून द्यावी, कारण गरोदरपणात वॉरफरीन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, बाळाला अपायकारक ठरू शकते आणि मूल होऊ देण्याचा विचार आधी डॉक्टरांशी बोलूनच करायचा असतो. हा विषय ती काकांसमोर काढणार नाही.

छातीचे हाड मधोमध कापून तारेने जोडलेले असते आणि ते नीट सांधायला दोन ते तीन महिने लागतात. या काळात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये, असे सांगितले जाते. पण घरात किलोचा हिशोब कोणी करत नाही, म्हणून वस्तूंची नावे घेऊन सांगतो. भरलेली बादली, पाण्याची कळशी, भाताचा मोठा कुकर, नातवंड आणि गॅसचा सिलिंडर यांना हात लावू नये; पोळ्यांची कणीकही दुसऱ्याने मळावी. आंघोळ स्टुलावर बसून, लहान तांब्याने करावी. अंथरुणातून उठताना दोन्ही हात छातीशी कवटाळून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि मग बसावे. हातांवर भार देऊन उठू नये. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी. जमिनीवर मांडी घालून जेवण्याचा हट्ट काही आठवडे सोडावा आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय स्कूटर चालवू नये. सोबत्याने हे तोंडी सांगण्यापेक्षा पलंगावर स्वतः आडवे होऊन, उठून दाखवावे; मला ते एकदा पाहिल्यावर जे कळले, ते छापील पत्रक चारदा वाचूनही कळले नव्हते.

चालणे घरातल्या घरात पाच-पाच मिनिटांनी सुरू करून रोज थोडे वाढवावे. चालता चालता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे, असे समजावे. इंदूरच्या उन्हाळ्यात नेहरू पार्कला जायचे तर सकाळी लवकर जावे, कारण लघवीचे औषध चालू असताना उन्हात चक्कर येण्याचा धोका वाढतो.

आता गोळीविषयी, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडे बहुतेकांना अ‍ॅसेनोकुमरॉल किंवा वॉरफरीन दिले जाते. यांत्रिक महाधमनी झडपेसाठी आयएनआर सामान्यतः २ ते ३ आणि मायट्रलसाठी २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवतात. आपली मर्यादा मात्र आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलीच मानावी. आयएनआर कमी झाला तर झडपेवर गुठळी धरते, फार वाढला तर रक्तस्राव होतो. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी आणि कालनिर्णयाच्या चौकोनात घेतलेला डोस लिहून ठेवावा, विशेषतः एक दिवस दोन मिलिग्रॅम आणि एक दिवस तीन असे सांगितले असेल तर. त्याच गोळीच्या निरनिराळ्या ताकदीच्या स्ट्रिप दिसायला सारख्या असू शकतात, म्हणून औषध घेऊन आल्यावर मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचावा. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी; दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात मी गुडघा दुखतो म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी ब्रश करताना बेसिन लाल झाले. ती चूक माझी होती. मी दुकानदाराला झडपेविषयी सांगितलेच नव्हते. आता दुखण्यासाठी काहीही घेण्यापूर्वी मी डॉक्टरांना विचारतो, मग ते औषध असो, काढा असो वा कुणी प्रेमाने दिलेले चूर्ण.

खाण्याविषयी ‘‘पालेभाजी बंद’’ हा सल्ला घरोघर दिला जातो आणि तो चुकीचा आहे. मेथी, पालक, कोथिंबीर यांतल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरे, पण उपाय भाजी सोडणे नसून आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवणे हा आहे. महिनाभर पालक न खाता एका आठवड्यात चार वेळा खाल्ला, की आकडा हलतो. श्रावणात एकदम उपवास धरले तरी तेच होते. इंदूरकरांची खरी अडचण मिठाची आहे: पोह्यांवरची शेव आणि वरून भुरभुरायचा जिरावन मसाला यांतूनच बरेच मीठ पोटात जाते. पोहे खावेत, वरचे सोडावे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा सपाट झोपल्यावर दम लागू लागला, तर डॉक्टरांना कळवावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर घरात उरलेले अँटिबायोटिक अजिबात घेऊ नये. कृत्रिम झडपेवर जंतुसंसर्ग झाला आहे का, हे ओळखायला आधी रक्ताचे कल्चर करावे लागते आणि अगोदर घेतलेल्या गोळीने ते जंतू लपून जातात. दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांच्या उपचारापूर्वी दंतवैद्याला झडपेविषयी सांगावे. त्या आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. ज्यांची झडप लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने बिघडली होती, त्यांनी दर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन शस्त्रक्रिया झाली म्हणून स्वतःहून बंद करू नये. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, काळी शौच होणे, डोक्याला मार लागणे, मग जखम दिसो वा न दिसो, छातीचे हाड कट्कट् वाजणे किंवा जखमेतून पाणी येणे, यांतले काहीही दिसले तर सोबत्यांच्या गटात विचारत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयात जावे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळांना दुपारी विनाकारण रडू येते, झोप तुटते, तोंडाला चव नसते. मी बँकेत तीस वर्षे काम केलेला माणूस, आणि वरणभाताचे ताट पुढे आल्यावर मला हुंदका आला होता. त्या वेळी ‘‘धीर धरा’’ म्हणणारे अनेक असतात. ‘‘मलाही असेच झाले होते, मला दीड महिना लागला’’ हे मात्र त्यातून गेलेला माणूसच म्हणू शकतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा आली, तर सोबत्याने ती स्वतःपाशी न ठेवता घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावी.

आमच्या सात-आठ जणांच्या गटात तीन नियम आहेत. कोणी कुणाला डोस सांगत नाही, रिपोर्टचा फोटो सगळ्यांना पाठवत नाही आणि आजारी माणसाकडे अर्ध्या तासाहून जास्त बसत नाही. भेटीला जाणाऱ्यांपैकी एकाने स्वयंपाकघरात जाऊन रुग्णाच्या पत्नीची किंवा मुलाची विचारपूस करावी. रात्री उठून श्वास चालू आहे ना, हे पाहणारी ती माणसे असतात आणि त्यांना विचारणारे कोणी नसते.

पहिल्या भेटीला जाताना सोबत्याने स्वतःचे झडपेचे कार्ड (कोणती झडप बसवली ते लिहिलेले) दाखवावे आणि रुग्णाचे कार्ड कुठे आहे, ते विचारावे. बहुतेक वेळा ते डिस्चार्जच्या फाइलीत तसेच असते. त्याच्या दोन प्रती काढाव्यात, मागे गोळीचे नाव, आयएनआरची मर्यादा आणि घरचा फोन नंबर लिहावा. एक पाकिटात ठेवावी आणि एक फ्रिजच्या दारावर लावावी.