लेबर रूमच्या पहिल्या पोस्टिंगला निघालेल्या पोरींसाठी

"आखाजीले येशी ना, बेटा?" आईने फोनवर विचारलं आणि मी नाही म्हणाले. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सचं तिसरं वर्ष, लेबर रूमची पोस्टिंग, त्यात नाइट. गावात झोके बांधलेले, बहिणी माहेरी आलेल्या, आणि मी धुळ्यात कळा देणाऱ्या बाईची कंबर चोळत उभी. त्या महिन्यात मी कोर्स सोडणारच होते. आज सात वर्षं नंदुरबार जिल्ह्यात बाळंतपणं करतेय.

नुसतं दमून कोणी हे काम सोडत नाही, असं माझं ठाम मत आहे. केळीच्या बागेत राबणाऱ्या आयांच्या पोरी आपण. सोडावंसं वाटतं ते एखाद्या केसनंतर, मनात साचलेलं कोणाला सांगता आलं नाही की.

माझी ती केस पीपीएचची, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाची. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत गर्भाशय आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचे 10 युनिट दिले होते, वारही पूर्ण पडली होती, तरी गर्भाशय कडक होईना. सिस्टर म्हणाल्या, "पोट चोळ, थांबू नकोस." माझे हात थरथरत होते. बाई वाचली, पण मी हॉस्टेलवर जाऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बॅग भरली. रूममेटने ती पाहिली आणि मला ओढत सिस्टरांकडे नेलं. त्यांनी त्या बाईचा पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या काळातल्या नोंदींचा तक्ता, उघडला. बाळाचे ठोके अर्ध्या तासाला, नाडी अर्ध्या तासाला, पीव्ही म्हणजे आतली तपासणी चार तासांनी. एकेक नोंद बोट ठेवून दाखवली. "यात तुझी चूक कुठे आहे, मला दाखव." मला दाखवता आली नाही. म्हणून सांगते, वाईट केस झाली की त्याच दिवशी कोणाजवळ तरी बोला, आणि जमलं तर कागद समोर ठेवून बोला.

झोपेचं बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर असतो, दिवसा डोळा लागत नाही. तळमजल्यावरची खोली मागून घ्या, खिडकीला ओली चादर लावा, फोन बंद ठेवा. महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक घरी कळवा. माझी आई दुपारी बाराला फोन करायची. लेक रात्रभर उभी होती, हे तिला ठाऊकच नसायचं.

केस बुक, म्हणजे आपण केलेल्या केसेसच्या नोंदींची वही, रोजच्या रोज भरा. सही घ्यायला जाल तोवर सिस्टरांची बदली झालेली असते.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आदिवासी भागात पोस्टिंग मिळाली तर नुसत्या अहिराणीवर भागत नाही. कळा येताना बाईला तिच्या बोलीत धीर देता आला की तिचं आणि आपलं दोघींचं काम हलकं होतं.

लग्नानंतर पोरी गळतात. माझ्या बॅचच्याही गळाल्या. घरी बसावं लागलं तरी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा, नाहीतर परत येताना अडकाल. खासगी दवाखान्यात असाल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. त्याआधीच्या वर्षात 80 दिवस काम झालेलं हवं. ती लेखी अर्ज देऊन मागा.

सणांचं मात्र आम्ही आपसात ठरवलंय. रोस्टर लागण्याआधीच बोलायचं. ईदला माझ्या मैत्रिणीची नाइट मी करते, आखाजीला माझी ती करते. यंदा खापरावरची पुरणपोळी मी गरम गरम खाल्ली, आणि तिच्यासाठी डबा भरून आणला.