ऑफिसला किल्ट घालून जाताय? मग या चुका टाळा

एडिनबरोत नोकरीला येऊन मला बरीच वर्षं झाली, आणि आता आठवड्यातून एखादा दिवस मी किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा निऱ्यांचा, स्कर्टसारखा पोशाख, घालूनच ऑफिसला जातो. लग्नात, बर्न्स नाइटला (कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवसाची मेजवानी), रग्बीच्या मॅचला इथे सगळेच घालतात, त्यात काही विशेष नाही, भाड्याने आणायचा, फोटो काढायचे, सोमवारी दुकानात परत. पण साध्या मंगळवारी सकाळची स्टँडअप मीटिंग, एक्सेल आणि जेवणाचा डबा यांच्यामधे किल्ट निभावणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द स्कॉटिश लोकांचीही त्यात गडबड होते कारण त्यांनीही तो जन्मात फक्त लग्नासमारंभातच घातलेला असतो. माझ्या जवळपास सगळ्या चुका करून झाल्यात, त्यामुळे सांगायचा अधिकार आहे असं समजतो.

अख्खा लग्नाचा ड्रेस चढवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच येतात. चांदीच्या बटणांचं प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय, कमरेपुढे लटकणारी केसाळ पिशवी म्हणजे स्पोरन, घोट्याभोवती नाड्या गुंडाळलेले गिली ब्रोग्ज बूट, हा सगळा संध्याकाळच्या समारंभाचा थाट आहे. तो करून सकाळी ९ ला डेस्कवर बसणं म्हणजे आपल्याकडे शेरवानी-फेटा घालून बँकेत पासबुक भरून घ्यायला जाणं. लोक विचारणारच, आज कुणाचं लग्न?

ऑफिसला किल्ट म्हणजे फक्त पँटच्या जागी किल्ट, बाकी नेहमीचं. साधा शर्ट, वर एका रंगाचा जंपर किंवा ट्वीडचं आखूड जॅकेट, लेदरचा साधा स्पोरन, रोजचे काळे किंवा ब्राउन बूट. नेहमीच्या सूटचं जॅकेट मात्र घालू नका, ते लांब असतं, स्पोरन अर्धा झाकतं आणि माणूस खालून कापल्यासारखा दिसतो. मोजे गुडघ्याखाली दोन-तीन बोटांवर दुमडलेले, रंग गडद हिरवा, करडा, नेव्ही असला काहीतरी. पांढरे मोजे बँडवाल्यांना सोडा.

पँटचा नंबर देऊन किल्ट मागवणं

मी ऑनलाइन ऑर्डर करताना कंबर ३४ लिहिली कारण पँटवर तेच लिहिलेलं. पार्सल आलं, बक्कल काही बसेना. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो हो, किल्ट बसतो बेंबीपाशी, आणि चाळिशीतल्या मराठी माणसाच्या बेंबीपाशी ३४ नसतात हे कळायला मला पार्सल परत पाठवायचे पैसे भरावे लागले. टेप बेंबीवरून फिरवायची, पोट आत न ओढता, आणि दुसरं माप नितंबांच्या सगळ्यात रुंद जागी. लांबी बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत, आणि ती दुसऱ्याकडून मोजून घ्या कारण आपण खाली वाकून बघितलं की माप बदलतं. तपासायची जुनी पद्धत अशी की ताठ गुडघ्यांवर बसायचं, काठ जमिनीला जेमतेम टेकला किंवा इंचभर वर राहिला की बरोबर. त्याहून खाली आला तर फ्रॉक दिसतो आणि फार वर गेला तर पुढचं सगळं तुम्हाला कळेलच.

पोट असेल तर पुढचा काठ वर आणि मागचा खाली असं होतं. त्यावर उपाय म्हणजे किल्ट अजून वर बांधणं, पोटाखाली सरकवणं नाही. सगळे नेमकं उलट करतात.

आणि हो, निऱ्या मागे. हसू नका, घरी पहिल्यांदा घालताना निऱ्या पुढे घेणारे खूप असतात (आपण मराठी लोक तर हमखास, डोक्यात साडी आणि धोतर असतं ना). पुढे एकावर एक येणारे दोन सपाट एप्रन, मागे निऱ्या, आणि वरचा एप्रन तुमच्या उजव्या बाजूला संपतो. डाव्या कडेच्या फटीतून आतला पट्टा बाहेर काढून बक्कल लावायचं, मग वरचा एप्रन ओढून उजवीकडची बक्कलं. किल्ट पिन फक्त वरच्या एप्रनला. दोन्ही थर एकत्र टोचले की किल्ट नीट पडत नाही, आणि खुर्चीच्या हँडलला पिन अडकली की टर्रकन फाटतो, चांगला लोकरीचा किल्ट चारशे-पाचशे पाउंडांच्या पुढे जातो म्हणून सांगतोय.

बसणं

यावर जरा जास्त बोलतो कारण ऑफिसमधे आपण दुसरं करतो काय.

पूर्ण किल्टला ८ यार्ड कापड लागतं. यार्ड म्हणजे आपला वार, म्हणजे ही आठवारीच झाली, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. आता नऊवारी नेसलेली आजी पाटावर बसताना मागून हात फिरवून बसायची ते आठवतंय का, तेच करायचं. खुर्चीकडे पाठ, दोन्ही तळहात मागे नेऊन निऱ्या खाली सारख्या करायच्या, आणि तशाच त्यांच्यावर बसायचं. हे विसरून धपकन बसलात की निऱ्यांचा गोळा होतो, वर जाळीच्या खुर्चीचा ठसा मांडीच्या मागे उमटतो तो वेगळा, आणि जेवायच्या वेळेपर्यंत इस्त्री गेलेली असते. पहिल्या महिन्यात मी रोज संध्याकाळी इस्त्री घेऊन बसायचो, ओलं फडकं टाकून एकेक निरी दाबत, मग टीममधल्या एका साठीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन बसायचं शिकवलं. स्वतः स्कर्ट घालतात, त्यांना त्यात शिकवण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. म्हणाल्या, एवढंही येत नाही तुम्हाला?

बसल्यावर पुढचा एप्रन दोन गुडघ्यांमधे खाली पडू द्यायचा आणि स्पोरन त्याच्यावर मधोमध, वजनामुळे कापड जागेवर राहतं. एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बसायची सवय असेल तर ती दरवाजाबाहेर ठेवून या. काचेचं मीटिंग टेबल असेल तर अजून सांभाळून. बीनबॅगवर बसूच नका, त्यात बसताही येत नाही आणि उठताही येत नाही, मी एकदा एका रेट्रोस्पेक्टिव्ह मीटिंगला बसलो होतो, सगळे निघून जाईपर्यंत लॅपटॉपमधे काहीतरी बघत राहिलो. खाली पडलेलं पेन, डेस्कखालची केबल, काहीही उचलायचं तर गुडघे वाकवून खाली जायचं, कमरेतून वाकायचं नाही.

वारा, जिना आणि पाठीवरची बॅग

मी फाइफहून ट्रेनने येतो आणि वेव्हर्ली स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटला वर जायला वेव्हर्ली स्टेप्स आहेत. तिथला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको, टोप्या, छत्र्या, स्कर्ट, कुणालाच सोडत नाही. रॉयल माइलवर टुरिस्टांसाठी टांगलेले हलके ॲक्रिलिकचे किल्ट तिथे छत्रीसारखे उघडतात. जड लोकर घ्या, वाराला १३ किंवा १६ औंस वजनाची, मागच्या निऱ्यांचं वजनच इतकं असतं की वारा सहसा हरतो. हलका असेलच तर एक हात मागे ठेवून चढा, काही नाही वाटत कुणाला.

वाऱ्यापेक्षा धोकादायक म्हणजे बॅकपॅक. लांब पट्ट्याची, कमरेखाली आपटणारी बॅग चालताना हळूहळू मागचा किल्ट वर चढवत नेते आणि आपल्याला पत्ता नसतो. पट्टे ओढून बॅग उंच घ्या किंवा सरळ हातातली बॅग वापरा. ऑफिसात काचेचा जिना असेल तर लिफ्ट.

पावसात भिजला तर पोचल्यावर आधी काठ टॉवेलने टिपा. ओल्या लोकरीचा काठ गुडघ्यामागे घासून कातडी सोलतो, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत हायलँड रेजिमेंटच्या सैनिकांचे किल्टच्या चिखलाने भरलेल्या काठाने असेच हाल व्हायचे. थंडीची काळजी करू नका. खरा त्रास उलटा आहे, कमरेभोवती लोकरीचे इतके थर आणि वर ऑफिसचं हीटिंग, घामच येतो.

स्पोरनमधे संसार भरणं

किल्टला खिसे नसतात त्यामुळे मोबाइल, चार्जर, किल्ल्या, पाकीट सगळं स्पोरनमधे, आणि मग चालताना जे काही आपटत राहतं ते नको त्या जागी. फोन, कार्ड, एक किल्ली, बास. ॲक्सेस कार्ड तर मुळीच आत ठेवू नका, गेटवर कमर पुढे करून रीडरला स्पोरन टेकवणारा माणूस कसा दिसतो ते सिक्युरिटीवाल्याने मला दुसऱ्या दिवशी करून दाखवलं. गळ्यात लटकवा.

मोज्यातला सुरा

स्कीन डू म्हणजे मोज्यात खोचायचा छोटा सुरा. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून तो जवळ बाळगायला स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात सवलत आहे, पण ती पोशाखासोबत, बॅगेत टाकून फिरायला नाही, आणि ऑफिसच्या रिसेप्शनला कायद्याची कलमं समजावत उभं राहण्यात काही मजा नाही. घरी ठेवा. तसाही तो लग्नाच्या थाटातलाच.

"आत काय घातलंय?"

विचारणार. पहिल्या दिवशी पाच जण विचारतील, त्यातले चार स्वतः स्कॉटिश. आतून काही न घालण्याच्या परंपरेचे किस्से पबमधे ठीक आहेत, ऑफिसमधे चड्डी घाला, गडद रंगाची, यावर चर्चा नको. उत्तर एकच ठरवून ठेवा, "बूट आणि मोजे", इथला जुनाच जोक आहे, लोक हसतात आणि विषय संपतो.

इथे लोक एक चूक करतात, ती म्हणजे सगळंच हसण्यावारी नेणं. कुणी काठ उचलून बघायला आलं, बाई असो की बाप्या, तर ती मस्करी नाही. इन्व्हर्नेसच्या एका पबमधल्या पोरांनी २०१७ मधे कामावर किल्ट घालणं बंद केलं होतं, गिऱ्हाईक बायका सारख्या किल्ट उचलून बघायच्या म्हणून. कपड्याखालून फोटो काढणं स्कॉटलंडमधे २०१० पासून गुन्हा आहे. एकदा शांतपणे "नको" म्हणा, परत झालं तर मॅनेजरला लेखी मेल.

आपण घातला तर चालतं का, आणि कुठला टार्टन (म्हणजे चौकड्यांची नक्षी)

आपल्या मराठी पोरांचा हा पहिला प्रश्न असतो. चालतं. उलट इथल्या म्हाताऱ्यांना कौतुकच वाटतं. १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी होती, फौजेतले सोडून, पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, आणि ती उठायला १७८२ उजाडलं, तेव्हा कुणी हौसेने घालतंय म्हटल्यावर ते कशाला अडवतील. टार्टनची सरकारी नोंदवही आहे पण ती नोंदीसाठी, तुमचं आडनाव मॅकडोनाल्ड नाही म्हणून कुणी पावती फाडत नाही. फक्त बाल्मोरल टार्टन राजघराण्याचा, तो सोडा. ब्लॅक वॉच नावाचा टार्टन घ्या. कुणीही घालू शकतं, गडद निळा-हिरवा-काळा, ऑफिसात डोळ्यात खुपत नाही, आणि डब्यातल्या आमटीचा थेंब पडला तर हळद दिसत नाही. फिकट टार्टनवर हळद पडली की संपलं.

धुणं

मशीनमधे नाही. कधीच नाही. घरी आल्यावर ब्रश मारायचा, कमरेला क्लिपा लावून टांगायचा, वारा लागू द्यायचा, डाग असेल तर तेवढाच थंड पाण्याने टिपायचा, आणि अगदीच वेळ आली तर ड्रायक्लीन. प्रवासात नेताना घडी घालू नका, निऱ्या सारख्या करून लांबीच्या दिशेने गुंडाळी करायची आणि बायकोच्या जुन्या स्टॉकिंगच्या एका पायात सरकवून द्यायची, पुण्यापर्यंत एक सुरकुती पडत नाही, कस्टमवाल्याने एकदा उघडून बघितलं तेव्हा समजावताना मात्र वेळ गेला.

उन्हाळ्यात कपाटात तसाच ठेवू नका, कसर लागते. लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या, झिपची पिशवी, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झटकणं. शिवून घेताना उरलेल्या कापडाचा तुकडा मागून ठेवा, रफूला त्याच रंगाचा दोरा त्यातूनच निघतो. माझ्या किल्टला एक भोक आहे, पण ते आतल्या एप्रनला.