कुत्र्याचे पट्टे हाताने शिवताना

सुरुवातीला मी पट्टे मशीनवरच शिवायचो. दिवसाला ३०-४० निघायचे, शिवण सरळ, दिसायला एक नंबर. मग एका लॅब्रॅडॉरचा पट्टा भर रस्त्यात सुटला. कुत्रं वाचलं. मालकीणबाईंनी टेबलावर आणून टाकलेला तो पट्टा मी अजून जपून ठेवलाय. एक टाका झिजला होता आणि त्याच्यामागे कडीजवळची अख्खी शिवण उसवली होती.

मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे सैल पडतात. हाताने शिवताना मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून जातात. मधला टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. घोड्यांची खोगिरं अशीच शिवतात.

चामडं ओळखायला शिकवलं ते कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका मामांनी. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं कापलं की कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्याची बऱ्याचदा निळसर-करडी. पट्ट्याला पहिलंच घ्या. त्याची कड पाणी लावून घोटली की काचेसारखी गुळगुळीत होते आणि गळ्याला काचत नाही. पाठीचं कापा, पोटाचं नको, पोटाचं ताणतं. (रोज नदीत डुंबणारं कुत्रं असेल तर सरळ नायलॉनचा पट्टा घ्यायला सांगा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.)

रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, रोज परजा. बोथट रापीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. माझ्या डाव्या अंगठ्यावर पुरावा आहे. कडी घेताना सांधा बघा: नुसती वाकवलेली कडी ओढ बसली की उघडते, झाळलेलीच घ्या. बकल भरीव पितळेचं घ्या, मुलामा दिलेलं नको.

एका पट्ट्याला मला तीन तास लागतात. मध्यंतरी एका दुकानाने ३०० नग मागितले, महिन्याभरात, मशीनवर शिवले तरी चालतील म्हणाले. त्या महिन्यात भाडं थकलं होतं, तरी नाही म्हटलं. बायको दोन दिवस बोलली नाही.

पहिले दहा पट्टे विकू नका. कडीला दोरी बांधून दाराच्या कडीला अडकवा आणि सगळं वजन टाकून ओढा.